जुन्या वाड्यातली थंडी: घर तापवायला जाऊ नका, एक खोली धरा

नमस्कार. तुमच्या प्रश्नातलं मला समजलं ते आधी लिहिते, म्हणजे उत्तर वाचताना इतरांनाही संदर्भ राहील. ठाण्याहून तुम्ही सहा जण २४ डिसेंबर ते १ जानेवारी नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या दुमजली वाड्यात भाड्यानं राहणार आहात. उंच छत, वर कवेलूचं (मातीच्या कौलांचं) छप्पर, मधे चौक. सोबत ७६ वर्षांचे बाबा आहेत, त्यांना मधुमेह आणि बीपी आहे, आणि दीड वर्षाची मुलगी आहे. मालकांनी दोन ब्लोअर (पंख्यानं गरम हवा फेकणारे हीटर) देऊ म्हटलंय, शिवाय 'कोळशाची शेगडी आहेच' असंही सांगितलंय. दोन हीटरमध्ये भागेल का, वायरिंगला ते झेपेल का, आणि रात्री शेगडी खोलीत ठेवली तर चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

शेगडी खोलीत नाही. दार थोडं उघडं ठेवूनही नाही. दोन्ही हीटर एकाच वेळी लावू नका. आणि दोन काय, चार हीटर आणले तरी तो वाडा गरम होणार नाही, म्हणून तो प्रयत्नच सोडा. आता सविस्तर सांगते. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली आहे, आधी दहा वर्षं घरांच्या वायरिंगची कामं घेतली आणि गेली पंधरा वर्षं नागपुरातली चार जुनी घरं पाहुण्यांसाठी सांभाळते. हे सगळं त्याच अनुभवातलं आहे.

पहिल्यांदा हे लक्षात घ्या, की नागपूरचं जुनं घर मे महिन्यासाठी बांधलेलं असतं. इथं पारा ४५-४६ च्या पुढे जातो. त्यामुळे बांधणाऱ्यानं सगळं डोकं उष्णता बाहेर काढण्यात घातलं: बारा-चौदा फूट उंची, छताजवळ झरोके, समोरासमोर दारं, पायाखाली फरशी, वर कवेलू. हिवाळ्यात हेच घर तुमच्या हीटरची ऊबही तितक्याच इमानदारीनं बाहेर काढतं. गरम हवा वर जाते, कवेलूंच्या फटीतून निघून जाते आणि खालच्या दाराच्या फटीतून गार हवा आत येते. आमच्या एका वाड्याची देखभाल करणाऱ्या मावशी पाहुण्यांना सांगतात, "थंडी बाहेर कमी अन् घरात जास्त हाय." दुपारपुरतं ते शब्दशः खरं आहे. डिसेंबरात नागपुरात दुपारी २७-२८ अंश असतं आणि पहाटे १२-१३. उत्तरेकडून कोरडा वारा सुटला आणि आकाश निरभ्र राहिलं, की पहाटेचा पारा ८-९ वर येतो. २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ पर्यंत उतरला होता. समुद्र लांब, हवा कोरडी, ढग नाहीत, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्री जमिनीतून सरळ आकाशात निघून जाते. ठाण्यात तुम्हाला अशा थंडीची सवय नाही. पण याच हवेत उपायही आहे: दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा अंशांचा फरक असेल, तर दुपारची ऊब घरात घेऊन ती रात्रीपर्यंत धरून ठेवायची.

त्यासाठी खोली नीट निवडायला हवी, आणि बहुतेक पाहुणे इथंच चुकतात. आल्या आल्या सगळ्यात मोठी, सगळ्यात देखणी खोली घेतात. समजा ती १६ बाय १४ आणि उंची १४ फूट. म्हणजे तीन हजार घनफुटांच्या वर हवा. वाड्यातलं १० बाय १२ चं, नऊ फूट उंचीचं माजघर किंवा कोठीची खोली घेतली तर हवा त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश. एकच हीटर पहिल्या खोलीत रात्रभर चालून जे करणार नाही ते दुसऱ्या खोलीत अर्ध्या तासात करतो.

खोलीच्या किती भिंती उघड्यावर आहेत हेही बघा. महालातले वाडे एकमेकांना लागून आहेत. शेजारच्या घराला लागलेली भिंत तुमची ऊब चोरत नाही. जिच्या दोन-तीन बाजूंना घर आहे आणि डोक्यावर कवेलू नाही तर दुसरा मजला आहे, अशी तळमजल्यावरची आतली खोली झोपायला सगळ्यात चांगली. आमच्याकडे पाहुणे आले की संध्याकाळी आठ वाजता मी त्यांना तळहात भिंतीवर ठेवून बघायला सांगते. दीड फुटी विटांची भिंत दिवसभर ऊन खाऊन रात्री उशिरापर्यंत ऊब सोडते. पश्चिमेची जी भिंत आतून कोमट लागते, तिच्याकडे पलंग सरकवा. जी गार लागते, तिच्यापासून हातभर दूर झोपा.

पण दिवसा मात्र उलट करा, वर बसा. २१ अंश अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. म्हणजे भिंत जितकी उंच, तितकीच लांब तिची सावली. तुमच्या चौकाची दक्षिणेची बाजू दुमजली, वीसेक फुटांची असेल आणि चौक पंधरा फूट रुंद असेल, तर खालच्या ओसरीवर त्या दिवसांत ऊन उतरणारच नाही. ते वरच्या मजल्यावर, दक्षिणेला तोंड असलेल्या सज्जात पडेल. अकरा ते तीन या वेळात बाबांची खुर्ची तिथं असू द्या, मुलीची तेल-मालिश तिथं, संत्री सोलायची तीही तिथंच. (आंबिया बहाराची संत्री या दिवसांत बाजारात असतात, पोतडीभर घ्या.) वाड्याचे जिने उभे आणि अरुंद असतात, तेव्हा बाबांना जेवणाआधी, उजेड असतानाच खाली आणा. गुडघ्यांमुळे त्यांना वर चढवतच नसेल, तर खाली दारासमोर ऊन कुठं येतं ते पहिल्याच दुपारी बघून ठेवा.

दारं-खिडक्यांची वेळ पाळा. सकाळी दहानंतर, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ऊबदार झाली की सगळं उघडा. साडेचारला सगळं बंद. त्या दिवसांत सूर्य साडेपाचच्या थोडं पुढं मावळतो आणि नंतर तासाभरात गारठा जाणवायला लागतो. सहाला आठवण झाली तर दिवसभराची कमाई गेली असं समजा. बंद केल्यावर एक उदबत्ती पेटवून झोपायच्या खोलीच्या दारा-खिडक्यांच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर जिथं आडवा होतो तिथं फट आहे. जुन्या सागवानी दारांना खाली बोटभर फट असतेच. तिथं जुनी साडी किंवा गोणपाट गुंडाळून लावा. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घट्ट घड्या बसतात. झरोके जाड पुठ्ठ्यानं झाका, पण एक उघडा राहू द्या, कारण एका खोलीत चार-पाच माणसं रात्रभर श्वास घेणार आहेत. स्वयंपाकघरातला मात्र एकही झरोका झाकू नका. तिथं गॅस आहे.

आता हीटर आणि वायरिंग.

मालक देताहेत तो ब्लोअर. छोट्या, बुटक्या खोलीत तो पटकन काम करतो. उंच खोलीत तो छत तापवतो, पाय गारच राहतात, आणि बंद केला की दहा मिनिटांत सगळं पहिल्यासारखं. लाल रॉडचा किंवा हॅलोजनचा हीटर हवा नाही तापवत, समोरच्या माणसाला तापवतो. उंच खोलीत बसून जेवताना, गप्पा मारताना तो बरा. पण त्याला हात लावता येईल अशा उंचीवर दीड वर्षाचं मूल असेल, तर तो मी घरात येऊच देणार नाही. तुमच्यासाठी माझी पसंती तेलाच्या हीटरला, पात्यांचा जो उभा असतो तो. गरम व्हायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो, पण त्यात काही पेटत नाही, लाल होत नाही, आवाज नाही आणि थर्मोस्टॅटवर आपोआप चालू-बंद होतो. त्याचीही पाती चटका देतील इतकी तापतात, म्हणून समोर जड खुर्ची आडवी लावा. मालकांना विचारा, भाड्यानं मिळाला तरी आणून ठेवा म्हणावं. कोणताही हीटर अंथरुणापासून, मच्छरदाणीपासून, पडद्यापासून तीन फूट दूर. त्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत.

वायरिंगचं गणित सोपं आहे. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास नऊ अँपिअर घेतो. पंख्या-दिव्याच्या बोर्डावरचं छोटं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. त्यात कन्व्हर्टर पिन घालून हीटर लावला, की चालतो, आणि चालतो म्हणूनच धोका. बोर्डाच्या मागं लाकडी पट्टीवरून गेलेली जुनी वायर तापत राहते, तिचं आवरण कडक होऊन तडकतं आणि एक दिवस कवेलूखालच्या वाशांजवळ ठिणगी पडते. हीटर फक्त मोठ्या, सोळा अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर, आणि तिथं जाणारी वायर तांब्याची, निदान अडीच चौरस मिलिमीटरची, जमलं तर चारची. एक्स्टेन्शन बोर्डावर अजिबात नाही. झोपायला निवडलेल्या खोलीत पॉवर पॉइंट नसेल, तर तो काढून देणं मालकाचं काम आहे, आणि आठवडाभर आधी कळवलं तर वायरमनला ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. हे मागायला संकोचू नका.

मालकांना फोनवर मीटरजवळच्या बोर्डाचा फोटो पाठवायला सांगा. त्यात एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि टेस्टचं बटण असलेला आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा, लोक त्याला ईएलसीबी म्हणतात) दिसला तर निम्मी काळजी मिटली. हा ३० मिलिअँपिअरचा हवा. आल्यावर ते बटण दाबून बघा, लगेच पडला पाहिजे. फोटोत पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट फ्यूज दिसले तर सावध व्हा. मी असे कितीतरी उघडलेत ज्यांत फ्यूज वायरच्या जागी जाड तांब्याची तार पिळून घातली होती, कारण 'सारखा उडायचा'. तो उडत होता म्हणून घर शाबूत होतं. आणखी एक गोष्ट वायरमनशिवाय फार जणांना माहीत नसते: जुन्या घरांत फेज (झटका देणारी जिवंत तार) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) दोन्हींवर फ्यूज असायचा. न्यूट्रलचा उडाला तर सगळं बंद पडतं, वीज गेली असं वाटतं, पण बोर्डात फेज जिवंत असते. म्हणून अशा घरात काही बंद पडलं तर स्वतः बोर्ड उघडू नका. परवानाधारक वायरमनलाच बोलवा.

३२ अँपिअरचा मेन (घराचा मुख्य स्विच) असेल तर सगळ्या घराला मिळून सात किलोवॉटच्या आसपास मिळतात. गिझर दोन किलोवॉटचा, एक हीटर दोनचा, इंडक्शन दोनची, किटली दीडची: झाले साडेसात किलोवॉट. म्हणजे सकाळी आठ वाजता सगळं एकदम लावलं की मेन पडू शकतो. गिझर चालू असताना हीटर बंद, एवढा एक नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. हीटर पहिल्यांदा लावाल तेव्हा अर्ध्या तासानं बंद करून प्लग काढा आणि त्याला हात लावा. कोमट असेल तर ठीक. धरवत नसेल किंवा जळकट वास येत असेल, तर तो पॉइंट वापरायचा नाही. बिलाचा हिशेब मालक मागतील म्हणून सांगते: २००० वॉट चार तास म्हणजे आठ युनिट. झोपण्यापूर्वी दीड-दोन तास आणि पहाटे कुणी एक जण उठल्यावर तासभर पुरतो. रात्रभर लागत नाही, आणि सगळे झोपलेले असताना मी तो चालू ठेवू देत नाही. वीज गेली तर घरगुती इन्व्हर्टरवर हीटर चालत नाही, म्हणून खरा भरवसा अंथरुणावरच ठेवायचा.

अंथरुणाकडे येतेच, पण आधी शेगडी.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी सांभाळत असलेल्या एका घरात एका कुटुंबानं रात्री परसातली शेगडी आत नेली. मोठी माणसं जाणती होती. धूर पूर्ण जाईपर्यंत त्यांनी ती बाहेर ठेवली होती, निखारे छान लाल झाल्यावरच आत घेतली, दारही बोटभर उघडं ठेवलं. पहाटे त्यांच्यातल्या आजींना मळमळायला लागलं, उठल्या तर पाय लटपटले, त्या दाराशी पडल्या आणि त्या आवाजानं मुलगा जागा झाला. त्याचंही डोकं फुटायला आलं होतं. सगळे वाचले. पण त्या आजी उठल्या नसत्या तर काय झालं असतं, हा विचार अजूनही माझी पाठ सोडत नाही. तेव्हापासून माझ्या चारही घरांत थंडीत शेगडी कुलपात असते.

धूर गेला म्हणजे धोका गेला हा समज जीवघेणा आहे. लालबुंद, बिनधुराचा निखाराच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं, म्हणून थोडासा वायूही पुरतो. झोपलेल्या माणसाला तो उठूच देत नाही. खोलीत एकाहून जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, सुस्ती आली, तर 'प्रवासाचा शीण' म्हणू नका. आधी सगळ्यांना उघड्यावर आणा, मग १०८ ला फोन लावा. बाथरूममधल्या गॅस गिझरचीही हीच गोष्ट. तो बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी लावलेला नसेल तर तो वापरू नका, बादली स्वयंपाकघरातून आणा. शेकोटी हवीच असेल तर चौकात करा, भोवती बसा, हुरडा भाजा, शेकून घ्या. झोपायला जाताना पाणी ओतून विझवा.

आता अंथरूण. भाड्याच्या घरातल्या गाद्या-रजया बहुधा गेल्या थंडीनंतर कपाटातच असतात. ओलसर कापूस ऊब धरत नाही. मालकांना सांगा, तुम्ही येण्याआधी दोन दिवस त्यांना चार-चार तास कडक ऊन दाखवा. डांबर गोळ्यांचा वासही त्यानं जातो, मुलीसाठी ते हवंच. फरशीवर आधी गोणपाट, त्यावर सतरंजी, मग गादी. खालून येणारा गारठा लोक विसरतात आणि वरून तिसरं ब्लँकेट मागतात. वर एकच जड रजई घेण्यापेक्षा दोन पातळ गोधड्या आणि एक ब्लँकेट जास्त ऊबदार, कारण मधे हवा अडकते. सुती मच्छरदाणी जरूर लावा. डास तर अडतातच, आणि तिच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी कोमट राहते. जुने लोक उंच खोलीत मच्छरदाणीच्या माथ्यावर एक चादर टाकत. तुम्हीही टाका, बाजू मात्र मोकळ्या ठेवा.

बाबांच्या बाबतीत तीन गोष्टी मनावर घ्या. मधुमेहात पावलांची जाणीव कमी होते. गरम पाण्याची पिशवी पायाला चटका देत असली तरी त्यांना कळणार नाही. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं ती अंथरुणात फिरवून अंथरूण गरम करा आणि ते आडवे होण्याआधी काढून घ्या. दुसरं, वाड्यात शौचालय बहुधा परसाच्या टोकाला असतं. पहाटे तीनला रजईतून उठून उघड्या चौकातून चालत जाणं बीपीच्या माणसाला वाईट: रक्तवाहिन्या एकदम आकसतात, बीपी चढतं, आणि अंधारात पाय घसरतो तो वेगळाच. उशाशी शाल, कानटोपी आणि टॉर्च, तळाला पकड असलेले मोजे, आणि जमेल तर खोलीतच यूरिन पॉट. उठल्यावर दोन मिनिटं काठावर बसूनच उभं राहायचं. तिसरं, अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर फिरायला जायचं तर आठनंतर, ऊन आल्यावर. जागतिक आरोग्य संघटना घरात निदान १८ अंश ठेवा म्हणते आणि म्हातारे-लहान असतील तर त्याहून जास्त. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर भिंतीवर लावा, कारण म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजतेय हे त्याला स्वतःला उशिरा कळतं. मुलीला मात्र जास्त गुंडाळू नका. मानेवर हात ठेवून बघा, घाम असेल तर एक थर काढा. झोपेत तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका.

पाण्याचं थोडक्यात. गच्चीवरची काळी टाकी सकाळी बर्फगार आणि दुपारी बरीच कोमट झालेली असते. आंघोळी दुपारी बारा-एकला ठेवल्या तर गिझरचा निम्मा वेळ वाचतो आणि अंग पुसून बाहेर आल्यावर बाहेर ऊन असतं. घर महिनोन्महिने बंद असेल तर गिझर लावण्याआधी गरम पाण्याच्या नळातून धार येतेय ना ते बघा, रिकाम्या टाकीवर गिझर लावला तर कॉइल जळते. पहिलं तापवलेलं टाकीभर पाणी सोडून द्या, साचलेलं असतं ते. इमर्शन रॉड घरात लहान मूल असताना नकोच.

तुमचं विमान रात्री साडेनऊला उतरतं असं लिहिलंय. म्हणजे तुम्ही अकराला, दिवसभर बंद राहिलेल्या गार घरात पाऊल टाकणार, आणि बाबा-मुलीचा सगळा त्रास पहिल्याच रात्री सुरू होणार. त्यापेक्षा मालकांशी आत्ताच बोलून घ्या: २४ तारखेला सकाळी दहाला कुणीतरी येऊन झोपायची खोली उघडेल, गाद्या उन्हात टाकेल, साडेचारला गाद्या आत घेऊन दारं लावेल आणि साडेनऊला तेलाचा हीटर लावून तुम्ही येईपर्यंत तिथंच थांबेल. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या. आणि हे करायला मालक तयार नसतील, तर पहिली रात्र स्टेशनजवळच्या एखाद्या हॉटेलात काढा आणि २५ ला दुपारी बाराला, उन्हात, वाड्यावर जा.